उलटं शेत

संयोगिताला ताप आला तेव्हा घरचा ऊस तोडीला आला होता, त्यामुळं पहिले आठ दिवस कुणी फार मनावर घेतलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा औषध बदलून बघितलं. मग एका सकाळी पोरीला न्हाऊ घालताना तिच्या आईला, उमाला, पोटऱ्यांवर निळे डाग दिसले, कुणी चिमटे काढल्यासारखे. कराडला रक्त तपासलं. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि आजच्या आज सांगलीला जा म्हणून चिठ्ठी लिहून दिली. सहा वर्षांच्या पोरीला रक्ताचा कॅन्सर झाला होता.

घरी म्हसरं होती, तोड होती, म्हणून संयोगिताचा बाप ऋषिराज गावी थांबला. पोरीबरोबर उमा आणि आजोबा नाथाजी सांगलीला आले. त्या हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात आत एकाच माणसाला राहता यायचं. उमा आत गेली आणि नाथाजी बाहेरच्या मोठ्या खोलीत बसले. तिथं लोखंडी बाकडी होती, पाण्याचं मशीन होतं आणि आवाज बंद केलेला टीव्ही होता. आजारी मुलांचे आईबाप, आज्या, मामा दिवसचे दिवस त्या बाकड्यांवर काढायचे.

नाथाजी त्रेसष्ट वर्षांचे होते आणि आयुष्यात असे रिकामे कधी बसले नव्हते. घरी असते तर पहाटेपासून वैरण, धारा, पाण्याची पाळी यात दिवस कसा गेला ते कळलं नसतं. इथं हात मांडीवर ठेवायचे आणि काचेच्या दाराकडं बघायचं. त्या दाराच्या पलीकडं एक लांब बोळ होता आणि बोळाच्या शेवटी मुलांच्या पाठीत इंजेक्शन द्यायची खोली. मुलं तिला सुईची खोली म्हणायची. दर मंगळवारी नंबर लागायचे. एकेका मुलाला त्या पांढऱ्याफटक बोळातून उचलून न्यावं लागायचं आणि त्यांचं ओरडणं बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू यायचं. अशा वेळी कुणी कुणाकडं बघत नसे.

दुसऱ्या मंगळवारी संयोगिता आईचा हात सोडवून पळाली आणि बोळातच तोंडावर पडली. ओठ फुटला. एवढीशी जखम, पण रक्त थांबेना. तिच्या रक्तातल्या प्लेटलेट लई कमी झाल्या होत्या. डॉक्टर मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "आजोबा, प्लेटलेट देणारी धडधाकट माणसं लागतील, आणि लगेच लागतील."

नाथाजींनी गावी फोन लावला. गावातली चार पोरं सैन्यातून सुट्टीवर आली होती. ऋषिराजनं त्यांना गाठलं आणि दोन तासांत चौघं मोटारसायकलींवर सांगलीत हजर झाले. त्यातला गुंडा नावाचा थोरला हवालदार होता. तो दीड तास मशीनला हात लावून पडून राहिला. उठल्यावर नाथाजी त्याच्यापुढं उभे राहिले.

"गुंडा, बाबा... काय म्हणू रं तुला?"

"काय म्हनू नगा, आबा. पोरगी बरी झाली की आमाला जेवाय बोलवा," गुंडा म्हणाला आणि चौघं आल्या वाटेनं परत गेले.

रक्त थांबलं. पोरगी झोपली. नाथाजींना मात्र झोप लागेना. गावातल्या पोरांनी आपलं रक्त दिलं, सून रात्रंदिवस जागती, डॉक्टर झटतात, आणि आपण नुसते बसून आहोत, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉस्पिटलसमोरच्या दुकानातून सुतळी आणली, उमाच्या जुन्या साडीची लाल किनार मागून घेतली आणि एक गोंडा बांधला. बेंदराच्या सणाला बैलांच्या शिंगांना बांधतात तसला. बेंदूर जवळ आला की नाथाजी दरवर्षी असले गोंडे, म्होरक्या, माळा स्वतःच्या हातानं करायचे. गोंडा उमाकडून आत गेला आणि संयोगिताच्या सलाईनच्या स्टँडला बांधला गेला.

पुढच्या मंगळवारी तो गोंडा हलत हलत स्टँडबरोबर बोळातून निघाला आणि त्याच्याकडं बघत बघत संयोगिता निम्मा बोळ आपल्या पायांनी चालली. मग रडलीच. पण निम्मा बोळ चालली.

दुपारी वॉर्डच्या मुख्य नर्स, मगदूम सिस्टर, तो गोंडा हातात घेऊन बाहेर आल्या.

"बाबा, हे कुणी केलं?"

"म्या केलं."

"सुंदर आहे. पण आत चालणार नाही. सुतळीत धूळ बसते. तुमच्या नातीच्या अंगात सध्या रोगाशी झगडणाऱ्या पेशीच नाहीत. तुम्हाआम्हाला ज्यानं शिंकसुद्धा येणार नाही, त्यानं तिला ताप चढेल."

नाथाजींचा चेहरा उतरला. "मला न्हाई कळलं, बाई. चुकलं माजं." त्यांनी गोंडा घेतला आणि बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. आपल्या हातानं नातीला काही झालं असतं तर, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही.

पण मगदूम सिस्टरांनी अठरा वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली होती, आणि पोरगी निम्मा बोळ चालली हे त्यांनी बघितलं होतं. दोन दिवसांनी त्या अश्लेषाला घेऊन आल्या. अश्लेषा वाईची, तिशीतली मुलगी. आलेल्या कुटुंबांशी बोलायचं, त्यांच्या अडचणी बघायच्या, हे तिचं तिथलं काम होतं.

"आजोबा, नायलॉनच्या दोरीचा गोंडा होईल का? गरम पाण्यात धुता येईल असा?" अश्लेषानं विचारलं.

"व्हईल की. हल्ली बैलांचं बी नायलॉनचंच असतंय."

"मग एकच कशाला? तो सगळा बोळ भरून करू या का? वरून सोडलेलं काहीतरी. मुलं खालून चालतील असं."

नाथाजी काचेच्या दारापाशी गेले आणि बराच वेळ बोळाच्या छताकडं बघत राहिले. "वर जाळं पायजे," ते शेवटी म्हणाले. "त्या जाळ्याला मग कायबी अडकवा."

सिस्टरांनी त्यांच्या अटी सांगितल्या. लोकर नाही, सूत नाही. सगळं सुटं करून काढता यायला हवं, आणि दर महिन्याला एकूण एक वस्तू धुऊन उन्हात वाळवायची. गळ्याभोवती फास बसेल इतकं लांब काही नको. मुलांच्या तोंडात जाईल असं बारीक काही नको. नाथाजींनी प्रत्येक अटीला मान हलवली. त्या रात्री ते पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या व्हरांड्यात जाळं विणायला सुरुवात झाली. नाथाजींनी दोन्ही हात पसरून वावांनी बोळ मोजला, आठ वाव भरला. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडावर जाळीचं मुसकं बांधतात, तसल्या गाठी ते घालत होते. बाकड्यावर बसलेली एक बाई दोन दिवस नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही.

"आवं दादा, ही गाठ सरकंल."

नाथाजींनी मान वर केली. "चाळीस वर्सं मुसकी इनतोय मी."

"इनत असशिला. मुसकं दिसभर टिकलं तरी भागतंय. आमच्या वाघरीला रातभर मेंढरं ढुसण्या मारत्यात, तरी सुटत न्हाई."

ती साळूबाई. डाळिंबांच्या आटपाडी भागातली, मेंढपाळाच्या घरातली. मेंढरांचा कळप आत ठेवायला जे जाळं उभं करतात, त्याला ती माणसं वाघर म्हणतात. तिचा लेक धुळा आणि सून मेंढरं घेऊन लांब चरणीला गेली होती. आठ वर्षांचा नातू शिवतेज दोन महिन्यांपासून याच वॉर्डात होता आणि त्याच्याबरोबर एकटी साळूबाई. तो झोपला की ती बाहेर येऊन बसायची.

तिनं दोरी घेतली, चार गाठी मारल्या आणि जाळं नाथाजींपुढं धरलं. "वडा."

नाथाजींनी आपल्या गाठी ओढल्या, त्या सरकल्या. तिच्या ओढल्या, त्या जागच्या हलल्या नाहीत. नाथाजींनी हातातली दोरी तिच्याकडं सरकवली. "शिकवा मला."

त्या दिवसापासून दोघं दोन टोकांनी विणायला लागली. बघता बघता बाकड्यांवरची बाकीची माणसंही आली. कुणी दोरी कापून द्यायचं, कुणी टोकं मेणबत्तीवर धरून जाळायचं म्हणजे ती सुटणार नाहीत. एकमेकांकडं बघायचं टाळणारी ती माणसं आता एकमेकांच्या मुलांची नावं विचारत होती. आज ताप किती, काल खाल्लं का, अशी विचारपूस गाठी मारता मारता व्हायची.

ज्या दिवशी अंगात बरं असायचं त्या दिवशी मुलंही तोंडाला मास्क लावून दारापर्यंत यायची. दाराजवळच दोन बाकड्यांवर जाळं ताणून ठेवलं होतं. शिवतेज त्याच्याखाली जाऊन उताणा झोपला. नाथाजींनी जाळ्याला बांधलेली हिरव्या दोऱ्यांची झुबकी वरून लोंबत होती.

"आज्जी, ह्ये उलटं शेत हाय," तो म्हणाला.

"कसं काय रं?"

"आपून मुळाकडं न्हाई, शेंड्याकडं हाय. वरनं उगवतंय आन् खाली येतंय."

संयोगितानं दारातूनच विचारलं, "मग त्यात आमचा ऊस हाय का?"

"आदी आमचं डाळिंब," शिवतेज म्हणाला. "ऊस मागनं."

अश्लेषा तिथंच उभी होती. तिनं ते ऐकलं आणि संध्याकाळी प्रत्येक घरच्या माणसाला एकच गोष्ट विचारली: तुमच्या शेतात काय पिकतं? उमानं जाळ्याचा व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला. साळूबाईनं अश्लेषाला आटपाडीच्या शाळेतल्या बाईंना फोन करायला लावला. सिस्टरांच्या अटी सगळ्यांना जशाच्या तशा कळवल्या.

पुढच्या तीन आठवड्यांत एसटीतून पिशव्या येऊ लागल्या. नाथाजींच्या गावच्या बायकांनी नायलॉनच्या पट्ट्यांचा ऊस पाठवला, शेंड्याच्या हिरव्या वाढ्यासकट. आटपाडीच्या शाळेतल्या मुलींनी लाल दोऱ्याची डाळिंबं विणली होती. आत दाणे म्हणून मणी भरले होते, ते सिस्टरांनी काढायला लावले. मुलींनी मण्यांच्या जागी गाठी मारून डाळिंबं परत पाठवली. तासगावहून द्राक्षांचे घड आले, एकेक मणी म्हणजे एकेक घट्ट गाठ. कुणी हळदीचे पिवळे गड्डे केले, कुणी शाळूची कणसं. महाबळेश्वरच्या एका टॅक्सीवाल्याची भाची मागच्या वर्षी इथून बरी होऊन गेली होती. तो स्वतः गाडी घेऊन आला आणि शंभरेक स्ट्रॉबेऱ्या देऊन गेला. आम्ही पावसाळ्यात घरात बसतो तसं बसून गल्लीतल्या माणसांनी केल्या, एवढंच म्हणाला. चहा प्यायलाही थांबला नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी हॉस्पिटलच्या इलेक्ट्रिशियननं बोळाच्या छताला आकडे मारले आणि चार तुकड्यांत विणलेलं जाळं वर चढलं. सगळं पीक धुऊन, वाळवून, चिमट्यांनी त्याला लावलं. पांढरा बोळ कुठल्या कुठं गेला. मोठ्या माणसांच्या डोक्याला ऊस लागत होता, आणि द्राक्षं, स्ट्रॉबेऱ्या मुलांच्या हाताला येतील इतक्या खाली होत्या. मगदूम सिस्टरांनी नियम केला: जाताना प्रत्येकानं आपल्याला हवं ते एक पीक काढायचं, सुईच्या खोलीत मुठीत धरायचं आणि येताना दारातल्या टोपलीत टाकायचं. टोपलीतलं सगळं धुऊन परत वर जाईल.

मंगळवारी संयोगिताचा नंबर तिसरा होता. काचेतून नाथाजी बघत होते. पोरगी बोळात शिरली, चार पावलं गेली आणि थांबली. आता फिरणार, असं त्यांना वाटलं. पण ती वर बघत होती. एक घड धरला, सोडला. पुढं गेली. स्ट्रॉबेरीला हात लावला, तीही सोडली. उमा सलाईनचा स्टँड ढकलत मागं होती, तिनं घाई केली नाही. अगदी शेवटच्या टोकाला संयोगितानं हळदीचा गड्डा काढला आणि आपल्या पायांनी आत गेली.

ती आत रडली. पाठीत सुई घ्यायची म्हणजे दुखणारच. पण दहा मिनिटांनी बाहेर आली तेव्हा पिवळा गड्डा मुठीत होता आणि गाल ओले असूनही ती टोपली शोधत होती. नाथाजी काचेपासून मागं झाले, बाकड्यावर बसले आणि डोक्यावरची टोपी काढून तोंडापुढं धरली. शेजारी बसलेल्या साळूबाईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. तिनं फक्त पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी सरकवला.

त्या बोळानं कुणाचा रोग बरा झाला नाही. ते काम औषधांचं होतं, आणि औषधं सगळ्यांना सारखी लागू पडत नाहीत. संयोगिताला ती लागू पडली. उन्हाळ्यात तिचे रिपोर्ट सुधारत गेले. शिवतेजचा रोग मात्र एकदा मागं हटून परत उलटला. शेवटच्या महिन्यात त्याला स्ट्रेचरवरून नेत, आणि तो आपला उताणा पडून वरचं शेत बघत जायचा. हात वर करायचं बळ नसायचं, तेव्हा साळूबाई डाळिंब काढून त्याच्या मुठीत द्यायची. एकदा तो तिला म्हणाला, "आज्जी, लय पिकलंय गं," आणि हसला.

जूनमध्ये तो गेला. आईबाप दोघं पोचली होती. सिस्टरांनी त्याच्या हातात असलेलं डाळिंब साळूबाईपुढं धरलं. "हे घेऊन जा तुम्ही. ठेवा तुमच्याजवळ."

साळूबाईनं ते दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि परत दिलं. "धुऊन लावा वर. दुसऱ्या पोराला लागंल."

नाथाजींना तिला काहीतरी बोलायचं होतं. आपली नात वाचली आणि हिचा नातू गेला, या गोष्टीपुढं त्यांना कुठलाच शब्द धड वाटेना. त्यांनी नुसतं तिचं गाठोडं उचललं आणि गाडीपर्यंत बरोबर गेले. गाडीत बसताना ती म्हणाली, "तुमची गाठ आता घट बसती, दादा." तेवढंच.

ऑगस्टपासून संयोगिताचं दवाखान्यात राहणं संपलं. घरी गोळ्या आणि महिन्यातून एकदा तपासणी. चौघा सैनिकांपैकी तिघं सुट्टीवर होते, त्यांना ऋषिराजनं घरी जेवायला बोलावलं. चौथ्याच्या ताटाचा फोटो काढून त्याला पाठवला. नाथाजी मात्र दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एसटीनं सांगलीला जातच राहिले. तो धुण्याचा रविवार होता. अश्लेषा असायची, कॉलेजची काही मुलं असायची, बरी होऊन गेलेल्या मुलांचे आईबाप असायचे. मागच्या अंगणात घंगाळात गरम पाणी, साबण, आणि तारांवर ओळीनं वाळत घातलेलं सगळं पीक.

दिवाळीनंतरच्या रविवारी नाथाजी नातीलाही बरोबर घेऊन गेले होते. ते घड खळबळत असताना मागनं आवाज आला, "दादा, पानी निवलंय. अशानं धूळ निघंल व्हय?"

साळूबाई उभी होती. बरोबर तिचा लेक धुळा, खांद्यावर मोठं गाठोडं घेऊन. त्यानं गाठोडं खाली ठेवून त्याची गाठ सोडली. आत नवं कोरं जाळं होतं, पूर्ण आठ वाव.

"पैल्या जाळ्याला वरीस व्हत आलं," साळूबाई म्हणाली. "म्हनलं, ढिलं पडलं असंल. मेंढरांमागं फिरताना ह्योच इनीत व्हता, मी गाठी तपासल्या."

नाथाजींचे हात पाण्यातच राहिले. "साळूबाई, तुमी... मला वाटलं न्हवतं तुमी परत हितं याल."

"मला बी वाटलं न्हवतं." ती त्यांच्या समोर बसली, पदर खोचला आणि घंगाळात हात घातला. "चार म्हयने मी घरात गप बसून हुते. मग इचार आला, माजं पोरगं शेवटपतोर हासत व्हतं. ते कुनामुळं? त्या शाळंतल्या पोरींमुळं, त्या टॅक्सीवाल्यामुळं, तुमच्यामुळं. त्यास्नी माजं पोरगं ठावं बी न्हवतं, तरी केलं. मी कुनाकुनाच्या घरी जाऊन हात जोडू? त्यापरीस हितं आले."

नाथाजींना आता बोलता आलं. जून महिन्यापासून मनात राहिलेलं ते बोलले. "शिवतेजनं शेत म्हनलं नसतं, तर आमी नुसते गोंडे टांगून बसलो असतो. माजी नात त्याच्याच शेतातनं चालत गेली, बाई. ह्ये मी इसरनार न्हाई."

साळूबाईनं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं ओल्याच मनगटानं पुसलं. धुळा थोडा लांब उभा होता. तो पाठ फिरवून तारेवरची डाळिंबं नीट करू लागला.

संयोगिता अंगणात पळत आली. तिच्या डोक्यावर आता बोटभर केस उगवले होते, मऊ आणि कुरळे. साळूबाईनं तिला जवळ ओढलं आणि त्या केसांवरून हात फिरवला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"वळखलंस का मला?"

"व्हय. शिवतेजची आज्जी," पोरगी म्हणाली. "आमचा ऊस मागनं म्हनला हुता त्यो."

साळूबाई मोठ्यानं हसली, आणि धुळाही मान वळवून पहिल्यांदाच हसला.

दुपारपर्यंत सगळं वाळलं. धुळा शिडीवर चढला आणि एकेका आकड्यात त्यानं नवं जाळं अडकवलं. खाली नाथाजी आणि साळूबाई चिमटे लावून पीक वर देत होती. काम संपल्यावर मगदूम सिस्टरांनी सगळ्यांना चहा दिला आणि साळूबाईला जवळ बसवून घेतलं. चहा संपल्यावर साळूबाईनं पदर सारखा केला आणि विचारलं, "पुढला रविवार कवाचा?"

नाथाजींनी तारीख सांगितली. तिनं ती धुळाला मोबाइलमध्ये लिहून घ्यायला लावली.